कॉफीहाऊसच्या माळ्यावरचा चित्रकार आणि २१ नंबरचा लघुग्रह

मृगशीर्ष

काही वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. वांगणीच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर आम्ही चौघं दुर्बिणी मांडून बसलो होतो. माझी चार इंची. बाकीचे तिघे तेजोमेघांच्या मागे लागलेले, मी मात्र वृषभ राशीतल्या एका अगदी कंटाळवाण्या तुकड्यावर दुर्बीण रोखून बसलो होतो. वहीवर वाटी उपडी ठेवून वर्तुळ काढलं, टॉर्चला लाल जिलेटीन लावलं आणि आयपीसमध्ये (दुर्बिणीचं डोळा लावायचं भिंग) दिसेल तो प्रत्येक तारा ठिपक्याने मांडत गेलो. अठरा ठिपके. पाऊण तास लागला. मान अवघडली, मित्रांनी यथेच्छ टिंगल केली.

दुसऱ्या रात्री तीच जागा, तेच आयपीस. सतरा ठिपके जागच्या जागी. अठरावा सरकलेला! चंद्रबिंबाच्या निम्म्याला थोडा कमी एवढा. त्याच्या जुन्या जागी काळोख.

तो होता २१ लुटेशिया. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला, सरासरी शंभरेक किलोमीटर व्यासाचा दगड. मी काही शोधलं नव्हतं, कुठे बघायचं ते मला आधीच माहीत होतं. पण माहीत नसताना ज्याने तो पहिल्यांदा पाहिला त्याच्याबद्दल तेव्हापासून लिहायचं होतं, आज मुहूर्त लागला.

हेर्मान गोल्डश्मिट. जन्म १८०२, फ्रँकफर्ट. पेशाने चित्रकार, म्युनिकला शिकलेला, पुढे पॅरिसला स्थायिक. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत खगोलशास्त्राशी काडीचा संबंध नाही. १८४७ मध्ये चंद्रग्रहणाच्या निमित्ताने ल व्हेरियेचं व्याख्यान ऐकलं. हा तोच ल व्हेरिये, ज्याच्या गणितावरून आदल्याच वर्षी नेपच्यून सापडला होता. झालं, गडी कामातून गेला. फ्लॉरेन्सला असताना स्वतः रंगवलेली गॅलिलिओची दोन व्यक्तिचित्रं विकली आणि त्या पैशातून दुर्बीण घेतली. भिंगाचा व्यास ५२ मिलिमीटर. आज वाढदिवसाला मुलांना देतात त्यातली.

राहायचा पॅरिसच्या काफे प्रोकोपच्या वर, सहाव्या मजल्यावर. शहराच्या ऐन मध्यात. १५ नोव्हेंबर १८५२ ला त्या घरातून त्याला लुटेशिया दिसला. नाव पॅरिस वेधशाळेच्या आरागोने ठेवलं, लुटेशिया म्हणजे पॅरिसचं रोमन काळातलं नाव. गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये हाइंड या खगोलनिरीक्षकाला २२ वा, कॅलिओपी, सापडला. एक दिवस इकडेतिकडे झाला असता तर नंबरांची अदलाबदल झाली असती.

१८६१ पर्यंत या माणसाने १४ लघुग्रह शोधले. त्यातले दोन, डोरिस आणि पेलीझ, एकाच रात्री, १९ सप्टेंबर १८५७ ला. त्याची सगळ्यात मोठी दुर्बीणही माझ्याएवढीच, चार इंची. म्हणजे हे प्रकरण दुर्बिणीचं नव्हेच. नवा ठिपका ओळखायचा तर जुने सगळे माहीत असावे लागतात, आणि ते माहीत करून घ्यायला थंडीत मान मोडून बसण्यापलीकडे इलाज नाही.

---

ढगाळ_हवामान

वाचतोय. आयडीप्रमाणेच इथली परिस्थिती.

---

सेनकाठी

अय्या, प्रोकोप! माझ्या ऑफिसपासून चालत वीस मिनिटं. ते १६८६ पासूनचं आहे, अजून चालू आहे. पाहुणे आले की एकदा न्यावं लागतंच. व्हॉल्टेअर, दिदेरो इथे बसायचे वगैरे सगळं सांगून होतं, पण वरच्या मजल्यावर बसून कुणी लघुग्रह शोधले हे माझ्या गावीही नव्हतं.

सहावा मजला म्हणजे काय ते जरा सांगते. इथेही आपल्यासारखाच तळमजला मोजत नाहीत, म्हणजे तो धरून सातवा. जुन्या इमारतींत वर जावं तसतसा जिना अरुंद होत जातो आणि शेवटच्या मजल्यावर उतरतं छप्पर. आज त्या खोल्यांना 'शहराचा नजारा' म्हणून भाडं आकारतात; लिफ्ट नसण्याच्या काळात वर राहायचा तो ज्याला खाली परवडत नाही तो. चित्रकार वर राहायचा यात रोमँटिक काही नाही, भाड्याचा हिशोब आहे. आकाश फुकट मिळालं एवढंच.

आणि इथे लुटेशिया या नावाचा उच्चार 'ल्युतेस' करतात. पाचव्या वॉर्डात रोमन काळातलं उघडं नाट्यगृह आहे, 'आरेन द ल्युतेस'. रविवारी तिथे म्हातारे लोक लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळत असतात.

---

शंकासुर

लेख छान आहे, पण थोडा साखरेत घोळवलाय. १८५२ साली एकूण वीस लघुग्रह माहीत होते. आकाश मोकळं पडलं होतं, ज्याच्याकडे दुर्बीण त्याला लॉटरी. आज १४ लाखांच्या वर नोंदले गेलेत. आता कुणी घराच्या खिडकीतून शोधून दाखवावा.

दुसरं, याच गोल्डश्मिटने १८६१ मध्ये शनीचा नववा चंद्रही 'शोधला' होता. कायरॉन नाव दिलं होतं. तो चंद्र नाहीच. हे धाग्यात का नाही? एवढे सगळे तारे पाठ होते तर मग हे कसं?

---

निवृत्त_टपाल

मृगशीर्ष, लेख आवडला, पण आमच्या खात्यावर अन्याय झाला आहे. गोल्डश्मिटच्या आधी सात वर्षं एक हौशी माणूस हेच करून बसला होता आणि तो पोस्टातला होता. कार्ल लुडविग हेंके. प्रशियातल्या ड्रीझेन गावचा, ते गाव आज पोलंडमध्ये आहे.

१८०७ मध्ये व्हेस्टा सापडला, चौथा. त्यानंतर ३८ वर्षं एकही नाही. मोठमोठ्या लोकांनी नाद सोडला, चारच आहेत असं धरून चालले. आमचे हेंकेबुवा मात्र १८३० पासून शोधायला बसले. रोज रात्री. पंधरा वर्षं हाताला काही लागलं नाही. ८ डिसेंबर १८४५ च्या रात्री व्हेस्टाच्या आसपास बघताना एक ठिपका जास्तीचा दिसला. तो पाचवा, ॲस्ट्रिया. दीड वर्षाने, १ जुलै १८४७ ला, सहावा, हीबी. नाव ठेवण्याचा मान त्यांनी पहिल्या वेळी एंके यांना दिला आणि दुसऱ्या वेळी गणितज्ञ गाऊस यांना. (एंके आणि हेंके यांत गल्लत करू नये. एक बर्लिन वेधशाळेचे संचालक, दुसरे पोस्टवाले. पत्र चुकीच्या घरी गेलं की काय होतं ते आम्हाला विचारा.)

मी आरएमएसमध्ये (रेल्वे मेल सर्व्हिस) तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी मनमाड-भुसावळ धावत्या डब्यात. सॉर्टिंगला बसल्यावर समोर खण असतात, हातात गठ्ठा. पहिली दोन वर्षं प्रत्येक पत्ता वाचावा लागतो. नंतर वाचत नाही, हात आपोआप जातो. आणि मग एखादं पाकीट असं येतं की हात मधेच थांबतो. का थांबला ते अर्ध्या सेकंदाने कळतं: पिन कोड एका जिल्ह्याचा, गाव दुसऱ्या. हेंकेबुवांचं तसंच झालं असणार. त्यांनी 'शोधलं' असं मला वाटत नाही. हात थांबला.

---

कुंचला

टपालकाका, क्या बात! 'हात थांबला' वर मी अडकले.

मी चित्रं काढते, शिकवतेही. पहिल्या वर्षाच्या मुलांना खुर्ची काढायला सांगितली की ती डोक्यातली खुर्ची काढतात, समोरची नाही. चार पाय, एक पाठ. म्हणून आम्ही सांगतो, खुर्ची काढूच नका, पायांच्या मधली रिकामी जागा काढा. त्या जागेबद्दल डोक्यात आधीपासून काही भरलेलं नसतं, त्यामुळे ती खरी पाहावी लागते. गोल्डश्मिट पाच-सहा वर्षांत नामांकित लोकांच्या बरोबरीला आला त्यात हे शिक्षण कामाला आलं असेल असं मला वाटतं. ताऱ्यांचा आकृतिबंध म्हणजे रिकाम्या जागांचाच असतो. एक ठिपका वाढला की एक जागा दुभंगते.

अवांतर: गॅलिलिओची चित्रं विकून दुर्बीण घेतली हे एखाद्या कथेत लिहिलं असतं तर संपादकाने 'फार जुळवून आणलंय' म्हणून कापलं असतं.

---

मृगशीर्ष

टपालकाका, हेंके राहिले ही माझी चूक, कबूल. हौशी लोकांत पहिला मान त्यांचाच. आणि जुने तारे आधी माहीत असण्याचा, म्हणजे नकाशांचा, मुद्दा त्यांच्याच गोष्टीत जास्त स्पष्ट आहे. बर्लिन अकादमीचे तारानकाशे तेव्हा तुकड्यातुकड्याने निघत होते. नेपच्यून सापडला तोही त्यातलाच एक ताजा नकाशा हाताशी होता म्हणून. हेंके तर नकाशे अपुरे म्हणून स्वतःच काढत बसायचे. गोल्डश्मिटलाही पुढे त्या अकादमीच्या नकाशांतून सुटलेले दहा हजारांवर तारे सापडले. त्या ताऱ्यांचं कुणी कौतुक केलं नाही. माझ्या मते खरं काम ते होतं, १४ लघुग्रह म्हणजे त्यावरचं व्याज.

शंकासुर, कायरॉनचं बरोबर आहे. त्याने दावा केला, दुसऱ्या कुणाला तो दिसला नाही. पण तो चुकायचा कसा हे बघण्यासारखं आहे. १८५६ मध्ये त्याने डाफ्नी (४१ नंबर) शोधला. थोडीच निरीक्षणं झाली आणि तो हरवला. कक्षा नीट ठरण्याआधी वस्तू हातची गेली की ती आकाशात कुठेही असू शकते. पुढच्या सप्टेंबरात गोल्डश्मिट तोच शोधायला बसला आणि सापडला! सगळीकडे कळवून मोकळा. मग शुबर्ट नावाच्या गणितज्ञाने आकडे तपासले तर कक्षा डाफ्नीशी जुळेना. तो वेगळाच, नवाकोरा लघुग्रह होता. काही काळ त्याला 'खोटी डाफ्नी' म्हणायचे, आता तो ५६ मेलेटी. खरी डाफ्नी १८६२ मध्ये लुथर या खगोलशास्त्रज्ञाला सापडली.

म्हणजे जुनं शोधायला गेला, नवं घेऊन आला आणि त्याला जुनं समजला. अशा माणसाकडून शनीच्या झगमगाटात एखादा भलता ठिपका चंद्र म्हणून धरला गेला तर नवल नाही. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८६१ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी, त्याला सुवर्णपदक दिलं ते तोवर सापडलेल्या तेरा लघुग्रहांसाठी.

'आज शोधून दाखवा' याचं उत्तर रात्री लिहितो. ऑफिस.

---

खडीसाखर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. लेक नववीत आहे. शाळेतर्फे एका लघुग्रह शोध मोहिमेत होती. लॅपटॉपवर एकाच जागेचे चार फोटो एकापाठोपाठ लुकलुकवायचे आणि हलणारा ठिपका धरायचा. मी शेजारी चष्मा लावून बसले तरी मला मुंग्यांशिवाय काही दिसेना, ती म्हणायची 'अगं तो बघ, तो तिरका जातोय'. नंतर प्रमाणपत्र आलं. लगेच स्थानिक पेपरात फोटो, 'विद्यार्थिनीने शोधला लघुग्रह', सोसायटीत पेढे, सोसायटीच्या ग्रुपवर तर आता त्याला आमच्या बिल्डिंगचं नाव द्यायची चर्चा चालू आहे.

तिनेच मला हळूच विचारलं, 'आई, मी खरंच शोधलाय का?' मला उत्तर देता आलं नाही.

---

ढगाळ_हवामान

बिल्डिंगचं नाव? त्याआधी सोसायटीची एनओसी लागेल.

---

शंकासुर

ताई, उगाच स्पष्ट बोलतो, रागावू नका. ते फोटो हवाईतल्या मोठ्या व्यावसायिक दुर्बिणीने काढलेले असतात. मुलं त्यातला ठिपका ओळखतात, याला 'प्राथमिक नोंद' म्हणतात. पेपरवाल्यांनी त्याचा शोध केला. शोध वगैरे काही नाही.

---

मृगशीर्ष

शंकासुर, अर्धं बरोबर.

खडीसाखर, तुमच्या लेकीला सांगायचं ते असं. तिने केलेली नोंद म्हणजे माझ्या वहीतला तो अठरावा ठिपका. पुढे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या रात्री, तो पुन्हा पाहावा लागतो. मग मायनर प्लॅनेट सेंटर (लघुग्रहांची जागतिक नोंद ठेवणारी संस्था) त्याला तात्पुरता क्रमांक देतं, त्यात वर्ष आणि काही अक्षरं-आकडे. मग दर वेळी तो आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येईल तेव्हा पुन्हा मोजमापं. कक्षा पक्की व्हायला कित्येक वर्षं जातात. त्यानंतर कायमचा क्रमांक आणि मग कुठे नाव. नाव सुचवायचा हक्क शोधकर्त्याला दहा वर्षं असतो. सोळा अक्षरांच्या आत, आणि राजकारणी किंवा लष्करी माणूस असेल तर त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झालेली हवीत. पाळीव प्राण्यांची नावं टाळा म्हणतात, कारण एकाने आपल्या मांजराचं नाव दिलं होतं, तो २३०९ नंबरचा 'मिस्टर स्पॉक'. बिल्डिंगबद्दल नियमात काय आहे ते बघावं लागेल.

त्यामुळे 'शोधला का?' याला आज उत्तर 'अजून नाही'. पण चार फोटोंत तिला तिरका जाणारा ठिपका दिसला आणि तुम्हाला दिसला नाही, एवढं मात्र तिचंच. आणि पेढे वाटल्यावरही तिने हा प्रश्न विचारला याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आता 'आज शोधून दाखवा'. अगदी काल-परवापर्यंत लोक शोधत होते. जपानमध्ये ओइझुमी इथे ताकाओ कोबायाशी या हौशी माणसाने पाव मीटर आरशाची दुर्बीण आणि सीसीडी (डिजिटल) कॅमेरा एवढ्यावर २,४०० च्या वर लघुग्रह शोधले. अमेरिकेत पॉल कोम्बा निवृत्तीनंतर ॲरिझोनात राहायला गेले आणि सहाशेच्या वर शोधून बसले. आपल्या विष्णू रेड्डी यांनी २००२ मध्ये ॲरिझोनातल्याच एका छोट्या वेधशाळेतून शोधलेला लघुग्रह आज '७८११८ भारत' आहे. ते आधी पत्रकार होते, आता प्राध्यापक.

पण १९९८ नंतर मोठे स्वयंचलित सर्व्हे आले आणि दारं एकेक करून बंद झाली. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये पहिले फोटो दाखवले, त्यात जेमतेम दहा तासांच्या निरीक्षणांतून २,१०४ नवे लघुग्रह होते. कोबायाशींचं आयुष्यभराचं काम दीड रात्रीत. तेव्हा शंकासुर, खिडकीतून नवा सापडणं जवळपास संपलं, हे मान्य.

---

कुंचला

हे वाचून थोडं वाईट वाटलं. मग करायचं काय आता हौशी लोकांनी?

---

मृगशीर्ष

मोजायचं. लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तो तारा काही सेकंद विझतो. वेगवेगळ्या गावांतून किती सेकंद विझला ते मोजलं की लघुग्रहाचा आकार कळतो. याला मोठी दुर्बीण नको, बरोबर जागी माणूस हवा, आणि ते बहुतेक हौशी लोकच करतात.

---

सेनकाठी

पण त्या लुटेशियाचं पुढे काय झालं? मला त्याच्यात जास्त इंटरेस्ट आहे, आता गाववाला आहे तो.

---

मृगशीर्ष

अरेच्चा, ते सांगायचंच राहिलं. १० जुलै २०१० ला युरोपचं रोझेटा यान धूमकेतूकडे जाताना वाटेत त्याच्याजवळून गेलं. सुमारे ३,१७० किलोमीटरवरून, सेकंदाला १५ किलोमीटर वेगाने. तोवर यानाने भेट दिलेल्या लघुग्रहांत तो सगळ्यात मोठा होता; वर्षभराने डॉन यान व्हेस्टाला पोचलं आणि तो मान गेला. १२१ बाय १०१ बाय ७५ किलोमीटर, म्हणजे ठेचलेला बटाटा. घनता पाण्याच्या जवळजवळ साडेतीन पट. लघुग्रहाच्या मानाने बरीच जड.

सेनकाठी, तुमच्यासाठी खास: त्यावरच्या विवरांना लुटेशियाच्या काळातल्या रोमन साम्राज्यातल्या शहरांची नावं आहेत. फोटोंत दिसलेलं सगळ्यात मोठं विवर 'मासिलिया', म्हणजे तुमचं मार्सेय. ५७ किलोमीटर रुंद. शंभर किलोमीटरच्या दगडावर ५७ चा खड्डा! फुटला कसा नाही कोण जाणे.

आणि आपला एक धागा. चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ गोल्डश्मिट नावाचं विवर आहे, याच चित्रकाराच्या नावाचं. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा टिपल्या, त्यात या विवराजवळची खूण ठळक होती.

---

शंकासुर

हे माहीत नव्हतं. धागा वाचनखुणेत. (साखर थोडी कमी झाली.)

---

खडीसाखर

लेकीला 'अजून नाही' सांगितलं. ती म्हणाली 'ओके' आणि पुढच्या मोहिमेची तारीख विचारली. ग्रुपवर काय सांगायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही.

---

निवृत्त_टपाल

मंडळी, काल रात्री एक उद्योग केला. नातवाची दुर्बीण गच्चीवर नेली, साधारण हेर्मानबुवांच्याच मापाची. रोहिणीच्या बाजूचा एक तुकडा धरला, वहीवर वाटी ठेवून वर्तुळ काढलं आणि ठिपके मांडले. अकरा भरले. वेळ एक तास, डास अगणित.

आज पुन्हा तीच जागा लावली आणि नातवाला मोजायला सांगितलं. तो म्हणाला, बारा. माझ्या छातीत धस्स झालं. पुन्हा मोज म्हटलं. बाराच. हाताला कंप सुटला, तुम्हाला फोन करावा की काय असं वाटलं.

मग नातू वही घेऊन बसला, आयपीस आणि कागद आलटून पालटून बघत राहिला. म्हणाला, 'आजोबा, हा कालपण इथेच असणार. मोठ्या ताऱ्याला अगदी चिकटून आहे, तुम्ही दोघांचा मिळून एकच ठिपका काढलाय.'

वहीत दुरुस्ती केली आहे. उद्या पुन्हा बसतोय, ढग नसले तर.

---

ढगाळ_हवामान

काका, उद्यासाठी मी आयडी बदलायला तयार आहे.